मोटारीचा दोष आणि कंपनीचे दिवाळे

पूर्वी एखाद्या पेढीवाल्याचे देणे फिटेनासे झाले म्हणजे तो भर दिवसा आपल्या पेढीत दिवा लावून ठेवी, अशी चाल होती. 'दिवाळे' हा शब्द तिच्यावरूनच पडला असे जुने कोशकार सांगतात. उन्हात जळणारा दिवा दिसला की रस्त्याने जाणाऱ्यालाही कळे, की येथला व्यवहार आटोपला, ज्याचे काही येणे असेल त्याने आता यावे. या चालीत लाज होती हे खरे. पण आम्हांला तिच्यात लाजेपेक्षा महत्त्वाची दिसते ती वर्दी. ज्याचे बुडणार त्याला निदान आपले बुडते आहे हे कळत असे.

अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने १ जून २००९ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दिला. अर्जात मालमत्ता सुमारे ८२ अब्ज डॉलर आणि देणे सुमारे १७३ अब्ज डॉलर दाखविले होते. एवढ्या मोठ्या दिव्याचा उजेड साऱ्या जगाला दिसला. तरीही लाखो माणसे अशी राहिली, की या दिवाळ्यात आपले काही येणे आहे हे त्यांना पाच वर्षांनी कळले. काहींच्या बाबतीत ते त्यांच्या वारसांना कळले.

हा दूरदेशीचा मामला वसंत व्याख्यानमालेत कशाला, असे कोणी विचारील. जनरल मोटर्स आपल्याला अगदीच परकी नव्हे. १९२८ साली मुंबईत शिवडीला तिने मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता. १९५४ साली तो बंद झाला. पुढे ती परत आली, गुजरातेत हालोलला आणि २००८ साली आपल्या तळेगावला तिचे कारखाने चालले, आणि तेही मिटले. परंतु हे नाते नसते तरी आम्ही हा विषय घेतला असता. कंपनी बुडते तेव्हा तिच्या हातून घडलेल्या चुकीचे काय होते, हा प्रश्न मोटारीत बसणाऱ्या आणि कारखान्यात राबणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

प्रथम दिवाळखोरीच्या कायद्याची युक्ती समजून घेऊ. कायद्याचे शिक्षण आमच्यापाशी नाही; निवाडे शब्दकोश शेजारी ठेवून वाचले आहेत. तेव्हा आम्हांला जसे समजले तसे सांगतो.

समजा, एका गावात पिठाची गिरणी आहे. तिच्या पट्ट्यात सापडून एका गिऱ्हाइकाचा हात गेला आहे आणि त्याचा भरपाईचा दावा चालू आहे. इतक्यात मालक कर्जात बुडाला. न्यायालय म्हणते, गिरणी मोडून लोखंडाच्या भावाने विकली तर कोणालाच काही मिळायचे नाही. त्यापेक्षा चालती गिरणी विकावी. पण हात गेलेल्या माणसाचा दावा गळ्यात पडणार असेल तर गिरणी घेणार कोण? म्हणून न्यायालय ती 'सर्व बोज्यांतून मुक्त' करून विकते. मालकाचे नातलग एक नवी कंपनी काढतात आणि गिरणी विकत घेतात. जाते तेच, पट्टा तोच, कामाला माणसे तीच, दारावरची पाटीसुद्धा तीच. जुन्या मालकापाशी एक रिकामी खोली आणि कर्जाच्या वह्या उरतात. हात गेलेल्या माणसाला सांगण्यात येते, की बाबा रे, तुझा दावा त्या रिकाम्या खोलीवर आहे.

जनरल मोटर्सचे असेच झाले, फक्त शून्ये जास्त होती. ५ जुलै २००९ रोजी न्यायाधीश रॉबर्ट गर्बर यांनी विक्रीला मंजुरी दिली आणि १० जुलैला ती पुरी झाली. अर्ज दिल्यापासून चाळीस दिवस! आमच्या एका कामगाराच्या ग्रॅच्युइटीच्या अर्जाला याहून जास्त दिवस लागतात. नव्या कंपनीने कारखाने, नाव, नामांकित मोटारींचे छाप सारे घेतले. जुनीचे नाव बदलून 'मोटर्स लिक्विडेशन कंपनी' असे ठेवले गेले, आणि बुडीत देणी तिच्याकडे राहिली. नव्या कंपनीत सुमारे ६१ टक्के वाटा अमेरिकन सरकारचा होता, कारण पैसा त्याचा होता. त्याने एकंदर सुमारे ५० अब्ज डॉलर घातले. कॅनडाच्या सरकारांना सुमारे १२ टक्के, जुन्या कंपनीच्या रोखेवाल्या धनकोंना १० टक्के, आणि मोटार कामगारांच्या युनियनने निवृत्तांच्या औषधपाण्यासाठी काढलेल्या निधीला १७.५ टक्के वाटा मिळाला. या शेवटच्या आकड्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

विक्रीच्या मूळ मसुद्यात असे होते, की जुन्या कंपनीने विकलेल्या मोटारींच्या अपघातांची जबाबदारी नवी कंपनी घेणार नाही. म्हणजे मोटार रस्त्यावर धावते आहे, उद्या तिचा दोष कोणाचा जीव घेणार आहे, आणि त्याला जबाबदार अशी कंपनी आजच नाहीशी होते आहे! यावर निरनिराळ्या राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांनी आणि ग्राहकांच्या संघटनांनी हरकत घेतली. तेव्हा नवी कंपनी एक पायरी उतरली: १० जुलै २००९ नंतर होणाऱ्या अपघातांची जबाबदारी, मोटार जुनी असली तरी, तिने पत्करली. त्याच्या आधी ज्यांना इजा झाली ते मात्र जुन्या कंपनीच्या दारात, तारण नसलेल्या धनकोंच्या रांगेत उभे राहिले. त्यांनीही न्यायालयात विरोध केला होता. न्यायाधीशांनी त्यांच्याविषयी सहानुभूती दाखविली आणि विक्री मंजूर केली. हे सारे उघड्यावर झाले. हरकत घेणारे हजर होते, म्हणून पुढच्या अपघातांपुरते का होईना काही हाती लागले, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

उघड्यावर न आलेली गोष्ट चावीच्या खटक्याची होती.

जनरल मोटर्सच्या कोबाल्ट, आयन वगैरे लहान मोटारींत चावी फिरवण्याचा जो इग्निशन स्विच होता, त्याच्या आतला स्प्रिंगचा खटका आखूड व ढिला होता. चावी 'चालू'च्या खाचेत घट्ट बसावी एवढा जोर त्यात नव्हता. जुडग्यात चार किल्ल्या जास्त असल्या, गुडघ्याचा धक्का लागला किंवा खड्ड्यात चाक आदळले, की चावी आपोआप मागच्या खाचेत सरके. मग धावत्या मोटारीचे इंजिन बंद, सुकाणू जड, ब्रेकची मदत गेलेली; आणि सर्वांत वाईट म्हणजे छातीपुढे फुगून माणसाला वाचवणारी हवेची पिशवीही बंद, कारण मोटार उभी आहे अशीच त्या यंत्रणेची समजूत होई. नेमकी ज्या क्षणी पिशवी हवी त्याच क्षणी ती उघडत नसे.

स्विच ठरलेल्या मापात बसत नाही हे माहीत असताना कंपनीच्या अभियंत्याने २००२ साली तो मंजूर केला. २००५ साली मोटारी वाटेत बंद पडतात अशा तक्रारी आल्या. दुरुस्तीच्या सूचनाही पुढे आल्या, पण खर्चाच्या हिशेबात बसत नाहीत म्हणून त्या दप्तरात गेल्या. विक्रेत्यांना कळविण्यात आले, की गिऱ्हाइकांना जुडग्यातल्या जड वस्तू काढायला सांगा. काँग्रेसपुढच्या चौकशीत पुढे निघाले, की तो भाग बदलण्याचा खर्च ५७ सेंट होता. त्या वेळच्या भावाने पंचवीसएक रुपये. २००७ साली विस्कॉन्सिन राज्यातील एका साध्या पोलिसाने अपघाताची पाहणी करून, स्विच सरकल्यामुळे हवेची पिशवी उघडली नसावी, असे अहवालात लिहिले. तो अहवाल कंपनीच्या कागदपत्रांत कित्येक वर्षे पडून राहिला.

याहून विलक्षण गोष्ट २००६ मधली आहे. त्या वर्षी स्विचमध्ये लांब खटका बसवून तो सुधारण्यात आला, पण भागाचा नंबर तोच ठेवला. ज्याने कारखान्यात एक दिवस जरी काम केले आहे तो हे वाचून दचकेल. सुट्या भागात केसभर फरक झाला तरी नवा नंबर पडतो, हे स्टोअरमधला पोऱ्याही जाणतो; नाहीतर जुना माल आणि नवा माल ओळखायचा कसा? नंबर एकच राहिल्यामुळे कंपनीतलेच तपासनीस चक्रावले: आधीच्या मोटारी बिघडतात, नंतरच्या बिघडत नाहीत, भाग तर तोच! गाठ सुटली ती कंपनीबाहेर. २०१० साली जॉर्जिया राज्यात एका तरुणीचा अपघातात मृत्यू झाला. तिच्या आईबापांच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने दुकानातून नवा स्विच विकत आणला, मोडक्या मोटारीतल्या जुन्या स्विचशेजारी ठेवला आणि दोन्ही उघडून मोजले. खटक्याची लांबी वेगळी निघाली. हजारो अभियंते पदरी असणाऱ्या कंपनीला दहा वर्षांत जे जमले नाही, ते दोन स्विच आणि एक मोजपट्टी यांनी केले.

फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने या मोटारी परत बोलावण्यास आरंभ केला. आकडा सुमारे २६ लाखांवर गेला. कंपनीनेच नेमलेले वकील अँटन व्हॅलुकस यांनी चौकशी करून अहवाल दिला. त्यात कंपनीतल्या दोन चालींची वर्णने आहेत. एकीत सभेतले सगळे जण माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करीत नाही. दुसरीत हातांची घडी घालून दोन्ही बोटे शेजाऱ्यांकडे दाखवितात. अशा सभांना आम्ही अनेकदा बसलो आहोत, आणि खरे सांगायचे तर त्या सगळ्याच मालकांनी बोलाविलेल्या नव्हत्या.

शब्दांचीही एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही तरी. २००८ साली कंपनीने आपल्या माणसांना अहवालात कोणते शब्द लिहू नयेत हे शिकविले होते. सरकारने ते कागद २०१४ साली बाहेर काढले. त्यात सुमारे सत्तर शब्द आहेत. 'दोष' म्हणू नये, 'आराखड्याप्रमाणे चालत नाही' म्हणावे. 'अडचण' म्हणू नये, 'बाब' किंवा 'स्थिती' म्हणावे. 'मृत्यूचा सापळा' हाही वर्ज्य शब्दांत होता. म्हणजे तो सुचण्याजोगे काहीतरी कोणाच्या तरी पाहण्यात असणारच. मोटार धावता धावता बंद पडते याची नोंद 'सुरक्षितते'खाली न होता 'ग्राहकाच्या सोयी'खाली झाली होती. एकदा सोयीच्या खात्यात पडल्यावर घाई कशाला?

आता दिवाळखोरीकडे परत येऊ. २००९ साली विक्रीची नोटीस ज्ञात धनकोंना टपालाने गेली आणि बाकीच्यांसाठी वर्तमानपत्रांत छापली गेली. दोषी मोटारींच्या मालकांना टपालाने काही आले नाही. कंपनीच्या नोंदींत त्यांचे पत्ते होते. मोटारी परत बोलाविण्याची वेळ आली तर लागतात म्हणून कायद्यानेच ते ठेवावे लागतात. आणि दोष कंपनीतल्या माणसांना माहीत होता. पण मालकाला मात्र आपल्या चावीत काही दोष आहे हेच ठाऊक नव्हते. त्याने वर्तमानपत्रातली नोटीस पाहिली असती तरी तिचा आपल्याशी संबंध त्याला कसा कळावा?

२०१४ नंतर दावे आले तेव्हा नव्या कंपनीने विक्रीचा हुकूम पुढे केला: आम्ही सर्व बोज्यांतून मुक्त आहोत. एप्रिल २०१५ मध्ये न्यायाधीश गर्बर यांनी, मालकांना प्रत्यक्ष नोटीस जायला हवी होती व ती गेली नाही, हे मान्य केले. तरीही पुष्कळसे दावे त्या हुकमाने अडतात असे ठरविले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की नोटीस मिळाली असती तरी फरक पडला नसता. विक्री झालीच असती. १३ जुलै २०१६ रोजी वरिष्ठ न्यायालयाने हे फिरविले. त्याचा युक्तिवाद आम्हांला युनियनचे काम करणारे म्हणून फार पटला. ते म्हणते, फरक पडला नसता हे तुम्ही कशावरून म्हणता? २००९ साली सरकारला आणि कंपनीला विक्री लवकर उरकायची होती, आणि अ‍ॅटर्नी जनरलांनी हरकत घेतल्याबरोबर अटी बदलल्या होत्या. मग या लाखो मालकांना बोलायला मिळाले असते, तर त्यांच्यासाठीही काही बदलले नसते कशावरून? न्यायालयाने वाटाघाटीचे मोल ओळखले. ज्याला नोटीसच मिळाली नाही त्याला तो हुकूम बांधू शकत नाही, असे ठरले. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यात हात घालण्याचे नाकारले. मोटारीची किंमत घटल्याच्या दाव्यांची तडजोड २०२० साली १२ कोटी डॉलरला झाली.

न्याय झाला म्हणावे काय? काही अंशी. नुकसानभरपाईसाठी कंपनीने केनेथ फाइनबर्ग या वकिलांच्या हाती निधी दिला, आणि २००९ पूर्वीचे अपघातही त्यात धरले, हे तिच्या पदरात घातले पाहिजे. प्रारंभी कंपनी १३ मृत्यू मान्य करीत होती; फाइनबर्ग यांनी १२४ मृत्यू आणि २७५ जखमींचे दावे मंजूर केले. एकंदर सुमारे ५९ कोटी डॉलर वाटले गेले. २०१५ साली कंपनीने दोष लपविल्याचे कबूल करून सरकारला ९० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. पंधरा माणसांना नोकरीवरून काढले. फौजदारी खटला एकाही माणसावर झाला नाही.

आता तो १७.५ टक्क्यांचा आकडा. अमेरिकेतील मोटार कामगारांची युनियन ही आमची थोरली बहीण. २००९ साली तिने काय केले? नव्या कामगारांसाठी कमी वेतन मान्य केले, २०१५ पर्यंत संप न करण्याचे कबूल केले, आणि निवृत्तांच्या औषधपाण्याच्या थकलेल्या रकमेपोटी नव्या कंपनीचे भाग घेतले. विक्री मोडली असती तर लाखांवर संसार रस्त्यावर आले असते. त्या जागी आम्ही असतो तर आम्हीही सही केली असती, हे आम्ही लपवीत नाही. पण जी विक्री कामगारांना तारीत होती, तिनेच हात-पाय गेलेल्या माणसांना रिकाम्या खोलीकडे पाठविले. कामगारांची बाजू न्यायाची, जखमींची बाजू न्यायाची, आणि भांडे एकच होते. टेबलाशी सरकार होते, युनियन होती, रोखेवाले होते. सगळ्यांना थोडेफार मिळाले. ज्यांना खुर्ची नव्हती त्यांच्या वाट्यातून ते निघाले.

दहाबारा वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या विक्रीत आमच्या युनियनने कायम कामगारांची पै न् पै मिळविली. गुलाल उधळला गेला. ठेकेदाराकडची साठसत्तर माणसे, ज्यांनी तेथे आठ-आठ वर्षे काढली होती, त्या करारात नव्हती. सही करताना त्यांची आठवण झाली नाही असे नव्हे. झाली, आणि आम्ही सही केली. त्यांतला एक जण पुढे बाजारात भेटला. त्याने नेहमीसारखा नमस्कार केला आणि आमच्या मुलांची चौकशी केली. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

तळेगावची हकीकत येथे थोडक्यात सांगतो. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात मोटारी विकणे थांबविले आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन बंद केले. हे दिवाळे नव्हे, साधी बंदी. २०२३ साली ह्युंदाईने करार करून तेथली जमीन, इमारती आणि काही यंत्रे घेतली. व्यवहार मालमत्तेचा होता. कामगार त्यात नव्हते. त्यांनी बंदीविरुद्ध बरेच दिवस झुंज दिली. गिरणी घ्यायची आणि माणसे सोडायची, ही रीत दिवाळ्यावाचूनही चालते एवढेच त्यावरून दिसते.

आपल्याकडे दिवाळखोरीचा नवा कायदा २०१६ साली आला. कामगारांना त्याने बरे स्थान दिले आहे: कंपनी मोडीत निघाली तर मागील चोवीस महिन्यांची कामगारांची देणी तारणवाल्या धनकोंच्या बरोबरीने धरली जातात. पण कंपनी नव्या मालकाकडे गेली, तर जो दावा मंजूर योजनेत नाही तो संपला, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला आहे. नव्या मालकाने कोऱ्या पाटीवर आरंभ करावा, हा त्यामागचा विचार. २०२० साली घातलेल्या ३२-अ या कलमाने, मालकी खरोखर बदलली तर, जुन्या गुन्ह्यांसाठी कंपनीवर खटला चालत नाही. ज्या माणसांच्या हातून गुन्हा घडला ती मात्र सुटत नाहीत. हा भेद आम्हांला बरा वाटतो. दुसरीकडे, २०१९ च्या दुरुस्तीने दोषी मोटारी परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार सरकारला मिळाला, आणि त्याच वर्षीच्या ग्राहक कायद्याने सदोष मालाबद्दल उत्पादकावर भरपाईचा दावा लावता येतो. पण ज्याच्यावर दावा लावायचा तोच कोऱ्या पाटीवर पुसला गेला तर? मोटारीत दोष आहे, अपघात अजून व्हायचा आहे, असा मनुष्य मुदतीच्या आत कोणता दावा लिहून देणार?

हा नुसता तर्क नव्हे. जपानची ताकाता कंपनी हवेच्या पिशव्या करी. तिच्या पिशव्यांतले रसायन दमट हवेत वर्षानुवर्षे राहिले की बिघडे आणि पिशवी उघडताना धातूचे तुकडे माणसाच्या अंगात घुसत. जून २०१७ मध्ये तिने दिवाळे काढले. तिचा चालता धंदा २०१८ साली दुसऱ्या कंपनीने घेतला. त्या पिशव्या जगभर कोट्यवधी मोटारींत होत्या. आपल्याकडेही होंडासारख्या कंपन्यांना त्यांपायी मोटारी परत बोलवाव्या लागल्या. तेथे निदान मोटार बनविणाऱ्या कंपन्या उभ्या होत्या आणि बदलण्याचे काम त्यांच्या गळ्यात पडले.

आपल्या कायद्याप्रमाणे दिवाळखोरीची वर्दी एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. बारीक अक्षर, चौकट, कंपनीचे नाव, दावा देण्याची अखेरची तारीख. बहुधा ती निविदांच्या आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींच्या पानावर असते. आमच्या युनियनच्या कचेरीत हे पान रोज सकाळी वाचण्याचे काम एका निवृत्त फिटरकडे दिले आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी एक चौकट कापून आमच्यापुढे ठेवली. गावातल्याच एका कारखान्याची होती, आणि मुदतीचे अकरा दिवस उरले होते. या खेपेस ठेकेदाराकडच्या माणसांचेही अर्ज आम्ही भरून घेतले.